सुट्या गोळीचं नाव सांगणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

स. न. वि. वि.

फोनवरच्या एखाद्या गटात फोटो येतो: तळहातावर ठेवलेली एक गोळी. गोल, पांढरी, मधोमध रेघ. फोटो जरासा हललेला, कडेला अंगठ्याचं नख. खाली एकच ओळ: "ही कशाची गोळी आहे, कुणी सांगेल का?"

आणि तुम्ही सांगता. पहिलं उत्तर दोन मिनिटांत येतं, "पित्ताची." दुसरा म्हणतो, "नाही हो, बीपीची. माझी आई हीच घेते." तिसरा नुसतं औषधाचं नाव टाकतो, मागेपुढे काही नाही. चौथा धीर देतो की घाबरण्यासारखं काही नाही. विचारणारा सगळ्यांचे आभार मानतो आणि निघून जातो. पुढे त्याने त्या गोळीचं काय केलं, ते आपल्यापैकी कुणालाच कळत नाही.

'आपल्यापैकी' असं मुद्दाम लिहिलं, कारण मीही तुमच्यातलाच. मी फार्मासिस्ट आहे. काउंटरमागे तीसएक वर्षं गेली. कात्रीने अर्धी कापलेली स्ट्रिप, औषधाच्या नावाची शेवटची तीन अक्षरं, डॉक्टरांचं न लागणारं अक्षर, एवढ्यावरून औषध ओळखण्याचा मला अभिमान होता. तोच अभिमान घेऊन मी फोनच्या पडद्यावर आलो आणि अनोळखी लोकांच्या अनोळखी गोळ्यांची नावं सांगत बसलो. चांगली चार वर्षं. "सर, तुम्ही ग्रेट आहात" हे वाचायला कुणाला आवडत नाही?

मग ती पिवळी गोळी आली.

एका मुलीने रात्री फोटो टाकला होता. वडिलांच्या औषधांच्या डब्यात तळाशी काही सुट्या गोळ्या सापडल्या होत्या. बारीक, गोल, पिवळ्या, वर एकही अक्षर नाही. मी एका ओळीत उत्तर दिलं: "फॉलिक ॲसिड. साधं जीवनसत्त्व आहे, रोज एक घेतली तरी हरकत नाही." पिवळी, बारीक, गोल म्हणजे फॉलिक ॲसिड, हे माझ्या डोळ्यांना इतकं सवयीचं होतं की दुसरी शक्यता मनात आलीच नाही. वडिलांना काय दुखणं आहे, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. तिने तरी का सांगावं? मी विचारायला हवं होतं.

वडिलांना संधिवात होता. त्यासाठी मेथोट्रेक्सेट चालू होतं. हे औषध या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर ते अस्थिमज्जेवर घाव घालतं, रक्तातल्या पेशी घटतात, तोंडापासून आतड्यापर्यंतचं आतलं अस्तर सोलवटून निघतं. माणूस त्याने दगावू शकतो, आणि जगभर अशाच चुकीने दगावलेले आहेत. मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून डॉक्टर त्याच्या जोडीला फॉलिक ॲसिड देतात. म्हणजे एकाच घरात, एकाच डब्यात या दोन्ही गोळ्या असणं हा योगायोग नव्हे, तसंच ठरलेलं असतं. आणि दोन्ही पुष्कळदा बारीक, गोल आणि पिवळ्याच असतात.

सहाव्या दिवशी तिने पुन्हा लिहिलं. वडिलांचं तोंड आलं होतं, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं, ताप होता. रुग्णालयात पांढऱ्या पेशी मोजल्या तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो मेथोट्रेक्सेटचा. वडील वाचले. त्यांना जो उतारा दिला त्याचं नाव फोलिनिक ॲसिड, मी ज्या जीवनसत्त्वाचं नाव घेतलं होतं त्याचंच भावंड. औषधशास्त्रातही असा क्रूर विनोद असतो. ती माझ्यावर रागावली नाही. "सर, तुम्हीच सांगितलं होतं ना?" एवढंच तिने लिहिलं. त्याला काय उत्तर द्यायचं, ते मला दोन दिवस सुचलं नाही.

त्यानंतर मी फोटोवरून नाव सांगणं बंद केलं. तुम्हीही करावं, एवढ्यासाठी हे पत्र.

तुमच्यातल्या काही जणांचं म्हणणं मला ठाऊक आहे: "आम्ही अंदाजाने सांगत नाही, गोळीवरची अक्षरं पाहून सांगतो." बरं, अक्षरांपासूनच सुरुवात करू. अमेरिकेत १९९५ पासून नियम आहे की गिळायच्या जवळजवळ प्रत्येक गोळीवर नि कॅप्सूलवर असा ठसा हवा, की तो ठसा, आकार, आकारमान आणि रंग मिळून औषध आणि ते बनवणारा, दोघांची ओळख पटावी. नियम उत्तमच आहे. पण जीवनसत्त्वं आणि पूरक आहारातल्या गोळ्या त्यात येत नाहीत, आणि सगळ्या देशांत असा नियमही नाही. जिथे तो नाही तिथल्या पुष्कळ गोळ्यांवर नुसती रेघ असते. ती रेघ गोळी सरळ मोडावी म्हणून असते, ओळख पटवण्यासाठी नाही. तरी "मधे रेघ आहे म्हणजे अमुक" असं लिहिणारे मी रोज पाहतो. आणि अर्धी मोडलेली गोळी असली, तर तिच्यावर अर्धाच ठसा उरतो. '५४' असं वाचलं, ते मुळात '१५४' होतं की '५४२', कोण सांगणार?

रंगाचा भरवसा तर त्याहून कमी. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध. त्याचा डोस जरा कमी पडला तर गुठळी, जरा जास्त झाला तर रक्तस्राव. म्हणून त्याच्या गोळ्यांना डोसाप्रमाणे रंग ठरवून दिले, की घोटाळा होऊ नये. पण गंमत पाहा. अमेरिकेत गुलाबी वॉरफरिन १ मिलिग्रॅमची असते, ब्रिटनमध्ये गुलाबी म्हणजे ५ मिलिग्रॅम. औषध तेच, रंग तोच, आणि डोसात पाचपट फरक. विचारणारा एका देशात, उत्तर देणारा दुसऱ्या देशात, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर! पडद्यावर तर सगळे शेजारी शेजारीच बसलेले असतात. तुमच्या उत्तराखाली तुमचा देश लिहिलेला नसतो.

नावांचंही तेच. फ्लोमॅक्स म्हटलं की अमेरिकेत प्रोस्टेटचं औषध, इटलीत त्याच नावाने सूज उतरवणारं निराळंच औषध विकलं जात असे. डायलाकॉर या नावाने अमेरिकेत डिल्टियाझेम, आणि सर्बियात डिगॉक्सिन. दोन्ही हृदयाचीच, पण एकाच्या जागी दुसरं घेणं म्हणजे संकटाला बोलावणं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली अशा सारख्या नावांबद्दल जाहीर इशारा दिला होता. म्हणजे तुम्ही गोळी अचूक ओळखली, नावही बिनचूक सांगितलं, तरी ऐकणाऱ्याने त्या नावाने शोधलेलं औषध भलतंच असू शकतं.

कॅमेऱ्याबद्दल फार लिहीत नाही. पिवळ्या दिव्याखाली पांढरी गोळी फिकट पिवळी दिसते, फोन स्वतःहून रंग 'सुधारतो', शेजारी मोजपट्टी नसेल तर चार मिलिमीटर आणि आठ मिलिमीटर सारखेच. ६ उलटा धरला की ९. काउंटरवर गोळी हातात घेऊन, उजेडाकडे नेऊन, चष्मा पुसून पाहतानाही मी चुकलो आहे.

तर नियमाप्रमाणे ठसा आहे, फोटो स्वच्छ आहे, देशही माहीत आहे. आता तरी सांगावं का?

संगीतकार प्रिन्सचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. २१ एप्रिल २०१६ रोजी तो त्याच्या घरी मृतावस्थेत सापडला. मृत्यू फेंटानिल या अफूच्या जातीच्या, फार तीव्र वेदनाशामकामुळे झाला होता. घरात मिळालेल्या कित्येक गोळ्यांवर 'वॉटसन ८५३' असा ठसा होता. हा ठसा हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या एका परिचित वेदनाशामक गोळीचा. त्या गोळ्यांचा फोटो कुणी तुमच्यासमोर टाकला असता तर तुम्ही क्षणात, आणि ठशापुरतं अगदी बरोबर, उत्तर दिलं असतं. आत मात्र फेंटानिल होतं. दोन वर्षं तपास करून २०१८ मध्ये तिथल्या सरकारी वकिलांनी सांगितलं, की आपण नकली गोळी घेतोय हे प्रिन्सला ठाऊक असल्याचा पुरावा नाही, आणि ती त्याला कुणी दिली हे सिद्ध करता येत नाही. साऱ्या जगाने पाहिलेल्या माणसाच्या घरातल्या गोळीचा माग लागला नाही. आपण फोटोवरून काय लावणार?

असे नकली ठसे आता सर्रास मारले जातात. गोळ्या दाबायचं यंत्र आणि ठशाचा साचा मिळाला की झालं. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने २०२३ साली तपासलेल्या फेंटानिल असलेल्या नकली गोळ्यांपैकी दर दहात सातमध्ये जीव जाऊ शकेल एवढी मात्रा होती. ही मात्रा म्हणजे २ मिलिग्रॅम, पेन्सिलीच्या टोकावर मावेल इतकी. त्यातही एकाच ढिगातल्या दोन गोळ्या सारख्या नसतात, कारण माल नीट मिसळलेला नसतो. एक खाऊन काही झालं नाही म्हणून दुसरी सुरक्षित, असं नाही. प्रयोगशाळेतही ती फोडून तिच्यातली रसायनं वेगळी काढावी लागतात, तेव्हा आत काय आहे ते कळतं. फोटोत फक्त बाहेरची साल दिसते. तुम्ही जेव्हा लिहिता, "ही अमुक कंपनीची अमुक गोळी आहे," तेव्हा खरं तर तुम्हाला एवढंच म्हणता येतं, की ही अमुक गोळीसारखी दिसते. हा 'सारखी दिसते' लिहिताना गळतो, आणि वाचणाऱ्यापर्यंत 'आहे' पोहोचतं.

आता ज्या गोष्टीसाठी मला खरं तर हे पत्र लिहावंसं वाटलं, तिकडे येतो. कारण वरच्या सगळ्या चुका एका बाजूला आणि ही एक बाजूला.

"ही कशाची गोळी आहे?" हा बहुतेक वेळा खरा प्रश्न नसतोच. खरा प्रश्न मागे उभा असतो आणि लाजेने, भीतीने किंवा घाईने लिहिला जात नाही. गोळी जमिनीवर सापडली, शेजारी दोन वर्षांचं मूल बसलंय आणि त्याच्या ओठांना रंग लागलाय. आजोबांनी सकाळची गोळी दोनदा घेतली असावी. कुणीतरी मूठभर गिळल्या आहेत आणि ही एक खाली सांडलीय. ज्याच्या घरी असं काही घडतंय त्याच्या हातून अर्धवट वाक्य लिहिलं जातं, आणि आपण त्या अर्ध्या वाक्याला पूर्ण उत्तर देतो.

आणि त्या उत्तरांमध्ये सगळ्यात घातक कोणतं, हे विचाराल तर चुकीचं नाव नव्हे. "काही होत नाही, लक्ष ठेवा" हे.

कारण काही औषधं आधी काहीच दाखवत नाहीत. मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गटातली एक गोळी लहान मुलाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते, आणि ते लगेच होईलच असं नाही. काही तास मूल छान खेळतं, मग झोपतं, आणि आईबापांना वाटतं दमलं असेल. म्हणून अशा मुलाला रुग्णालयात साधारण दिवसभर नजरेखाली ठेवतात. पॅरासिटामॉल तर घरोघरी. ते जास्त झालं तर पहिल्या दिवशी थोडी मळमळ, कधी तेवढीही नाही, आणि यकृत आतल्या आत जळत असतं. त्यावर ॲसिटिलसिस्टीन हा फार चांगला उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर. तुमच्या गटात नावावरून वाद चालू असताना ते आठ तास चालूच असतात. लोहाच्या गोळ्यांचं सोंग तर सगळ्यांत वाईट. लाल, चकचकीत, गोड आवरणाची, मुलाला वाटतं खाऊ. आधी उलट्या होतात, मग मूल सावरल्यासारखं दिसतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि त्यानंतर ते कोसळू शकतं. मधल्या त्या बऱ्या दिसणाऱ्या काळात कुणी फोटो टाकून विचारलं आणि तुम्ही म्हणालात "लोहाची आहे, ताकदीची गोळी", तर नाव बरोबर सांगूनही तुम्ही त्याला घरी बसवलंत.

त्याच फोटोखाली कुणीतरी हमखास सांगतं, मिठाचं पाणी पाजून उलटी काढा. हे करू नका, आणि सांगूही नका. मिठाने मुलाच्या रक्तातलं सोडियम चढतं आणि त्याने वेगळाच अनर्थ होतो. गुंगी असेल तर उलटी फुप्फुसात जाते. उलटी काढणारं इपिकॅक सिरप एके काळी घरोघरी ठेवा म्हणून सांगत, पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेच २००३ साली ते घरात ठेवू नका असं सांगितलं.

इथे मला माझ्याच धंद्यातल्या एका माणसाची आठवण होते. लुई गडलमन, शिकागोच्या रुग्णालयातला फार्मासिस्ट. घरगुती रसायनं आणि औषधं यांत काय काय असतं याची तो कार्डं लिहून ठेवायचा आणि डॉक्टर फोन करून त्याला विचारायचे. त्या कामातूनच १९५३ साली शिकागोत पहिलं विष नियंत्रण केंद्र उभं राहिलं. तोही लांबून, न पाहता सल्ला द्यायचा, आपल्यासारखाच. मग फरक काय? अशा केंद्राला फोन लावून पाहा. आधी विचारतात, कुणाला, वय किती, वजन किती. किती वाजता. जास्तीत जास्त किती गेल्या असतील. आत्ता जागं आहे का, श्वास कसा आहे. घरात कुणाकुणाला कोणकोणती औषधं चालू आहेत. हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा. घरातल्या साऱ्या स्ट्रिप आणि बाटल्या समोर मांडल्या आणि कशातून काय कमी झालंय ते मोजलं, की सुटी गोळी कशाची ते पुष्कळदा फोटोशिवाय कळतं. गोळी दिसते कशी, हा मुद्दा मागाहून येतो. आणि फोन ठेवल्यावर ती माणसं पुन्हा फोन करतात, मूल कसं आहे म्हणून. आपण करतो?

सगळेच फोटो विषबाधेचे नसतात, हे खरं. काउंटरवर एकदा एक बाई आल्या. हातात कागदाची पुडी, पुडीत एक गोळी. मुलीच्या बॅगेत सापडलेली. दुकानात यायच्या आधी त्यांनी फोटो टाकून विचारून घेतलं होतं आणि कुणा जाणकाराने लिहिलं होतं, "नशेची असू शकते, मुलीवर लक्ष ठेवा." तीन दिवस त्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं. मुलीचा फोन तपासून झाला होता, मैत्रिणीच्या घरी जाऊन आरडाओरडाही झाला होता. मी त्यांना म्हटलं, ताई, मुलीला विचारलंत का? नव्हतं विचारलं. पुढच्या आठवड्यात मायलेकी दोघी आल्या, थायरॉइडची गोळी घ्यायला. मुलीने आईला न सांगता तपासणी करून घेतली होती, आईला काळजी नको म्हणून. त्या जाणकाराचं काय बिघडलं? काही नाही. त्याने 'असू शकते' लिहिलं होतं, तो सुटला.

ॲप आणि चॅटबॉट यांच्यावर भिस्त ठेवणाऱ्यांना थोडंच सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने गोळ्यांच्या फोटोंचा पिलबॉक्स नावाचा संग्रह चालवला होता. फोनवर काढलेल्या साध्या फोटोवरून गोळी ओळखणारा प्रोग्राम लिहा, अशी स्पर्धाही या ग्रंथालयाने २०१६ मध्ये घेतली होती. पिलबॉक्स जानेवारी २०२१ मध्ये बंद झाला. यंत्र ओळखत नाही असं माझं म्हणणं नाही, पुष्कळदा ओळखतं. पण त्याच्या संग्रहात जी गोळी नाही तिच्यासाठीही ते जवळचं एखादं नाव शोधून देतं, आणि देताना त्याचा आवाज कापत नाही. माझाही कापला नव्हता.

मुळात अशा बिननावाच्या गोळ्या घरात येतात कुठून? उरतात म्हणून. कात्रीने कापलेल्या स्ट्रिपचा नाव आणि तारीख असलेला तुकडा आधी संपतो, प्रवासासाठी चार गोळ्या डबीत काढलेल्या तशाच राहतात, एखाद्याने आपल्या औषधातली "तुलाही लागू पडेल" म्हणून दिलेली असते. हे नवं नाही. १९६०च्या आसपास अमेरिकेत थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाला परवानगी नव्हती. औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी यांनी ती अडवून धरली होती. तरी 'चाचणी'च्या नावाखाली २५ लाखांहून जास्त गोळ्या हजाराहून जास्त डॉक्टरांकडे पोहोचल्या होत्या, आणि त्यांनी त्या पेशंटना कितीदा तरी नाव न सांगताच दिल्या. १९६१ च्या अखेरीस युरोपात या औषधाने हातपाय नसलेली मुलं जन्मल्याचं उघड झालं आणि मग शोधाशोध सुरू झाली, कुणाच्या घरात काय पडलंय याची. ऑगस्ट १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींना पत्रकार परिषदेत बायकांना सांगावं लागलं, की घरातलं औषधांचं कपाट तपासा आणि हे औषध घेऊ नका. पण ज्या गोळीवर नावच नाही ती कपाटात ओळखायची कशी? तेव्हा फोटो टाकून विचारायची सोय असती, तर कुणीतरी नक्की लिहिलं असतं, "झोपेची साधी गोळी आहे, गरोदरपणातही चालते." आणि तेव्हाच्या माहितीप्रमाणे ते बरोबर ठरलं असतं.

तर मागणं काय आहे ते सांगतो. फोटो दिसला की नाव लिहू नका. खात्री असेल तरी नको, खात्री असेल तर मुळीच नको. आधी विचारा: कुणी गिळली आहे का? उत्तर 'हो', 'बहुतेक' किंवा 'माहीत नाही' असं आलं, तर विचारणाऱ्याच्या देशातल्या विष माहिती केंद्राचा नंबर द्या, गोळी आणि घरातली सगळी पाकिटं बरोबर घेऊन दवाखाना गाठायला सांगा. माणूस शुद्धीवर नसेल, झटके येत असतील, श्वास अडखळत असेल, तर आधी रुग्णवाहिका, बाकी सगळं नंतर. कुणीच गिळलेली नसेल, तर गोळी पुडीत घालून जवळच्या फार्मासिस्टकडे न्यायला सांगा. त्यालाही ओळखता आली नाही तर तो ती टाकून द्यायला सांगेल. एका गोळीसाठी एवढी यातायात कशाला, असं विचारणारे भेटतात. ज्या गोळीचं नाव ठाऊक नाही ती फुकट गेली तर काय गेलं?

आणि आणखी एक, हे गट चालवणाऱ्यांसाठी. जुनी उत्तरं तशीच ठेवू नका. कंपन्या रंग बदलतात, आकार बदलतात, एका कंपनीचं औषध दुसरी बनवायला लागते. तुमचं पाच वर्षांपूर्वीचं 'बरोबर' उत्तर आज कुणीतरी मध्यरात्री शोधून काढतं, तारीख न पाहता. शक्य असेल तर गोळ्यांच्या फोटोंखाली उत्तरं लिहिण्याची सोयच बंद करा. तुमच्याकडे गर्दी थोडी कमी होईल.

त्या पिवळ्या गोळीखालचं माझं उत्तर मी पुसून टाकलं आहे. पण त्याआधीच कुणीतरी त्याचं स्क्रीनशॉटचं चित्र जपून ठेवलं होतं. 'पिवळी छोटी गोळी म्हणजे फॉलिक ॲसिड, तज्ज्ञ फार्मासिस्टचा सल्ला' असा मथळा घालून ते अजून फिरतं आहे. परवा ते मलाच आलं, अनोळखी नंबरावरून, खाली विचारलेलं: "सर, हे बरोबर आहे का?"

मी कळवलं, नाही.

लगेच पुढचा फोटो आला, तळहातावर एक पिवळी गोळी. "मग ही कशाची आहे?"

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक फार्मासिस्ट